प्लास्टिक किटमधून अमेरिकन डाउनटाउन: आधी रस्ता, मग इमारती

पुण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: एचओ स्केलची (मॉडेल रेल्वेच्या एका मापाची) इमारतींची सहा प्लास्टिक किट्स भाच्याने अमेरिकेहून आणून दिली आहेत. सहा फूट लांब, दोन फूट रुंद फळीवर १९५० च्या सुमारचे पेनसिल्व्हेनियातले एखादे डाउनटाउन, म्हणजे गावाचा मध्यवर्ती बाजारभाग, करायचे आहे आणि मॉडेल रेल्वेचे रूळ इमारतींच्या मागून जाणार आहेत. पहिले किट सूचनापत्रकाबरहुकूम जोडले, तर कोपऱ्यात फट राहिली, तावदानावर गोंदाचा ठसा उमटला आणि रंग देऊनही इमारत खेळण्यासारखीच दिसते. उरलेली पाच कशी आणि कोणत्या क्रमाने करावीत?

आधी एक विनंती. उरलेली पाच खोकी उघडा, भाग मोजून घ्या, पण गोंदाची बाटली अजून उघडू नका. मी पिट्सबर्गजवळ राहतो आणि गेली पंचवीसेक वर्षे हा उद्योग करतो आहे. माझ्या पहिल्या दहा इमारतींपैकी सात मी पुढे तोडल्या. त्यांचे काम वाईट नव्हते. त्या एकेकट्या सुंदर होत्या आणि शेजारी ठेवल्या की एकमेकींशी बोलत नव्हत्या, एवढाच दोष. सूचनापत्रक तुम्हाला इमारत बांधायला शिकवते. तुम्हाला बांधायचा आहे रस्ता.

पहिला आठवडा पुठ्ठा आणि मास्किंग टेप एवढ्यावरच घालवा. किटच्या भिंती गोंद न लावता टेपने उभ्या करा, ज्या अजून नाहीत त्या इमारतींचे पुठ्ठ्याचे ठोकळे कापा आणि सगळे फळीवर मांडा. एचओ म्हणजे १:८७. हिशेबाला सोपा नियम एकच, एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. अमेरिकन डाउनटाउनमधल्या जुन्या दुकानाची रुंदी साधारण २५ फूट धरा, म्हणजे ८७ मिलिमीटर. तळमजला १४ फुटांचा, वरचे मजले ११-१२ फुटांचे. तीन मजली इमारत कठड्यासह १४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. फुटपाथ दहा फूट म्हणजे ३५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या आणि मध्ये दोन मार्गिका असा रस्ता ३६ फुटांचा, म्हणजे १२६ मिलिमीटर होतो. तुमच्या दोन फुटांत हे सगळे बसवून रुळांना जागा उरायची, तर रस्ता १०० मिलिमीटरवर आणा आणि पार्किंग एकाच बाजूला ठेवा. डोळ्याला ते खटकत नाही. फुटपाथ मात्र अरुंद करू नका, ते लगेच खटकते.

मांडणी करताना दिवाळीतला किल्ला आठवा. बुरुजापेक्षा उंच मावळा लहानपणी आपल्याला चालायचा, इथे चालणार नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या टप्प्यावरच दोन-तीन माणसे आणि एक मोटार रस्त्यावर ठेवा. किटच्या एखाद्या दाराची उंची माणसाला बसत नसेल तर आताच कळेल. निरनिराळ्या कंपन्यांची किट्स खोक्यावर एकच स्केल लिहिलेली असूनही शेजारी ठेवल्यावर अंगापिंडाने वेगळी निघतात.

आता रुळांचा मुद्दा. गाडी इमारतींच्या मागून जाणार असेल आणि तुम्ही समोर सलग भिंत उभी केली, तर गाडी दिसणार कशी? एक प्लॉट मोकळा सोडा. हा काही खेळाचा नाइलाज नव्हे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी डाउनटाउनमध्ये जुनी इमारत पाडून तिथे मोटारी उभ्या करायची जागा केली जात होती. अशा फटीतून गाडी क्षणभर दिसते आणि पुन्हा लपते. सगळा वेळ समोर दिसणाऱ्या गाडीपेक्षा हे फार गोड लागते. शिवाय त्या मोकळ्या प्लॉटमुळे शेजारच्या इमारतीची बाजूची भिंत उघडी पडते. त्या भिंतीवर गेलेल्या इमारतीचा ठसा दाखवा: जिन्याची तिरकी रेघ, जुन्या छताची काळपट ओळ, कुठे कुठे चिकटून राहिलेला गिलावा. वर तंबाखूची किंवा शीतपेयाची रंगवलेली जाहिरात, अर्धी उडालेली. माझ्या स्वतःच्या मांडणीत लोक सर्वांत जास्त वेळ बघतात ती जागा म्हणजे अशी एक उघडी भिंत.

बाकीच्या बाजूच्या भिंतींचे काय? लक्ष्मी रोडवरच्या किंवा गिरगावातल्या जुन्या इमारतींसारखाच इथला प्रकार: खाली दुकान, वर बिऱ्हाडे किंवा वकील-डॉक्टरांची कार्यालये, आणि भिंतीला भिंत लागलेली. शेजारी लागून बसलेल्या इमारतींच्या बाजूच्या भिंती कधीच दिसणार नाहीत. त्या काढून ठेवा आणि त्यांच्या जागी साधी प्लास्टिक शीट लावा. सहा इमारतींच्या रांगेत, मध्ये मोकळा प्लॉट सोडूनही, आठ भिंती अशा वाचतात. त्या एकमेकींना जोडून रुळांपलीकडे, पार्श्वभूमीच्या फळीला लागून, गोदामांची जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीची रांग उभी राहते. एक पैसा न घालता अर्धा गाव वाढला.

खरी इमारत, खरा रस्ता बघायचा असेल तर सॅनबॉर्नचे नकाशे उघडा. १८६७ साली सुरू झालेल्या या कंपनीने आगविमा उतरवणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या हजारो गावांचे घरनिहाय नकाशे काढले. गुलाबी रंग म्हणजे विटांची इमारत, पिवळा म्हणजे लाकडी, निळा म्हणजे दगडी. एस अक्षर म्हणजे दुकान, डी म्हणजे राहते घर, शिवाय मजल्यांची संख्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातले पुष्कळसे नकाशे पुण्यात बसून फुकट बघता येतात. पेनसिल्व्हेनियातलेच अल्टूना घ्या, जॉन्सटाउन घ्या. अर्धा तास बघितलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. दर्शनी रांग गुलाबी आणि सरळ असते, पण मागच्या बाजूला पिवळे तुकडे, पडव्या, तबेले आणि नंतर केलेली वाढीव बांधकामे यांची गर्दी असते. तुमच्या रुळांकडे तोंड करून आहे ती हीच बाजू. किटची मागची भिंत सपाट आणि निर्जीव असते. तिला लाकडी जिना, कोळशाचा कप्पा, एखादी पत्र्याची पडवी द्या.

आता फटीकडे येऊ. ती तुमची चूक नव्हे. साच्यातून भाग सुटावा म्हणून त्याच्या कडांना किंचित उतार ठेवावाच लागतो, त्यामुळे कड ९० अंशात नसते. दोन उतारलेल्या कडा भिडल्या की फट राहणारच. जाड काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, भिंत लाकडी ठोकळ्याला टेकवून सरळ धरा आणि कड आठ-दहा वेळा एकाच दिशेने ओढा. कानशीने हेच काम करायला गेलात तर कड मधे फुगीर होते. भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिच्यातून ते पिळून काढू नका. चपट्या कटरने जरा लांबून कापा आणि उरलेला ठोंब ब्लेडने तासा.

कोपरा गुण्यात आहे ना, हे प्रत्येक जोडाला तपासा. माझ्याकडे यंत्रशाळेतले लोखंडी ठोकळे आहेत, पण मुलांच्या लेगोच्या विटा त्याच कामाला उत्तम चालतात. त्या काटकोनातच असतात आणि घरात असतातच. एक कोपरा अर्धा अंश चुकला तर चौथ्या कोपऱ्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट येते आणि आपण दोष चौथ्या भिंतीला देतो.

गोंदाबद्दल: ट्यूबमधला घट्ट गोंद बाजूला ठेवा. पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, पातळ द्रव सिमेंट हवे, टामियाच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीसारखे. ते खरे तर चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करते. भाग आधी जुळवून धरा आणि मग आतल्या बाजूने सांध्याला ब्रशचे टोक नुसते टेकवा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. बोट सांध्यावर असेल तर तो बोटाखालीही ओढला जातो आणि तुमचा अंगठा विटांवर कायमचा उमटतो. (माझ्या एका बँकेच्या इमारतीवर असा अंगठा आहे. तिथे मी आता वेल लावली आहे.) सांधा पाच मिनिटांत धरतो, पण रात्रभर हात लावू नका. रंगवलेल्या जागेवर हे सिमेंट पकडत नाही, तिथला रंग खरवडून घ्या. आणि खिडकी उघडी ठेवा. वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते.

तावदानांना हे सिमेंट किंवा फेविक्विक कधीच लावू नका. फेविक्विकची वाफ पारदर्शक शीटवर पांढरी साय धरते आणि ती जात नाही. साधा फेविकॉल टूथपिकने चौकटीच्या मागे लावा. ताकद कमी, पण तावदानाला ताकद लागते कशाला?

क्रमाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, तर माझा क्रम सांगतो. चार भिंतींचे खोके जोडायचे; खिडक्या, दुकानाचा दर्शनी भाग आणि वरचा कंगोरा बाहेर ठेवायचा. वॉल्थर्स कंपनीच्या बहुतेक किट्समध्ये खिडक्या सुट्या येतात, त्या फ्रेमवर असतानाच रंगवून घ्या. डीपीएम ब्रँडच्या किट्सच्या भिंतींत मात्र चौकटी भिंतीतच ओतलेल्या असतात. तिथे आधी विटा, मग बारीक ब्रशने चौकटी, दुसरा मार्ग नाही. एका संध्याकाळी एकच मजला करा, हात थरथरायला लागला की थांबा. मग खोक्याला आतून काळा रंग द्या. ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. दिवे लावले आणि माझे हॉटेल आकाशकंदिलासारखे भिंतींतून उजळले. पातळ प्लास्टिकमधून उजेड आरपार येतो आणि नंतर आत ब्रश पोचत नाही.

रंग देण्याआधी भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचे तेल राहिले तर रंग सुटतो. विटांना अमेरिकेत आम्ही तांबूस प्रायमरचा स्प्रे वापरतो. तुमच्याकडे ग्रिलला मारायचा रेड ऑक्साइड कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि त्याचा रंग विटेच्या अगदी जवळचा आहे. पण त्यात एनसी थिनर असेल तर तो पॉलिस्टायरीन खातो. फ्रेमच्या टाकाऊ काडीवर आधी मारून बघा, पृष्ठभाग खरखरीत झाला तर तो डबा बाजूला ठेवा आणि ॲक्रिलिक वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे मारूच नका. दमट हवेत रंगावर पांढरी धुरी येते.

सहाही इमारतींना तोच तांबडा देऊ नका, हेही रस्त्याचेच गणित आहे. दोन तांबड्या, एक तपकिरी, एक पिवळसर विटेची, एक रंग दिलेली फिकट राखाडी. आणि उरलेली एक यांपैकीच कुणाची तरी जुळी बहीण, एकाच मालकाने एकाच वर्षी बांधल्यासारखी. सगळ्या वेगळ्या असल्या तर तो दुकानातला नमुना-फलक वाटतो.

खेळण्यासारखे दिसण्याचे मुख्य कारण मात्र दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या रेघा. खऱ्या विटांमधली दरज साधारण साडेनऊ मिलिमीटरची असते. एचओमध्ये ती एक दशांश मिलिमीटर होते. किटमध्ये ती साच्याच्या सोयीसाठी कितीतरी रुंद कोरलेली असते, आणि आपण तीत पांढराशुभ्र रंग भरला की घराची चौकटीची वही होते. पांढरा वापरायचा नाही. विटेचाच रंग घ्या, त्यात राखाडी आणि थोडा मातकट मिसळा, एका भागाला आठ भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. थेंबामुळे पाणी विटांवर गोळा न होता दरजांत उतरते. दोन-तीन मिनिटांनी ओलसर स्पंजने तिरके पुसा. आडवे पुसलेत तर आडव्या दरजांतला रंगही निघून येतो.

जाणकार डोळ्याला पटणारी एक बारीक गोष्ट सांगतो. अशा इमारतींच्या दर्शनी भागाला बांधणारे महागडी, गुळगुळीत वीट लावायचे आणि तिच्या दरजा अगदी बारीक, बहुधा विटेच्याच रंगाच्या ठेवायचे. बाजूला आणि मागे स्वस्तातली वीट आणि जाड दरजा. किटमध्ये चारही भिंतींचा पोत एकच असतो. म्हणून समोर दरजा जवळजवळ भरूच नका, बाजूला आणि मागे भरा, आणि मागची वीट अर्ध्या छटेने फिकी ठेवा.

सालाकडेही लक्ष द्या. १९५० म्हटले की इमारती १८९० ते १९१५ च्या, पण तळमजले नव्याने सजवलेले. १९३०-४० च्या दशकांत दुकानदारांनी जुन्या ओतीव लोखंडी खांबांवर व्हिट्रोलाइट नावाच्या चकचकीत रंगीत काचेच्या फरश्या बसवल्या. सहांपैकी एका दुकानाचा दर्शनी भाग काढून तिथे गुळगुळीत काळी किंवा हिरवी प्लास्टिक शीट लावा, फरश्यांच्या रेघा ब्लेडच्या पाठीने ओढा. वर जुनाट कंगोरे आणि खाली चकाकती काच हा विसंवाद म्हणजेच १९५०. रस्त्यावर पार्किंग मीटर हवेत. पहिला मीटर १९३५ साली ओक्लाहोमा सिटीत बसला आणि त्यानंतर ते झपाट्याने पसरले. गच्चीवर एक-दोन टीव्हीचे अँटेना ठेवा, जास्त नकोत.

आणि काजळी. पिट्सबर्गमध्ये १९४० च्या सुमारास कोळशाच्या धुराने भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४१ साली धूरबंदीचा कायदा झाला, पण त्याची खरी अंमलबजावणी युद्ध संपल्यावरच सुरू झाली. म्हणजे तुमच्या साली हवा निवळत होती आणि भिंती अजून काळ्या होत्या. काजळी खिडक्यांच्या छज्जांखाली आणि कंगोऱ्यांच्या खाचांत राहते, पावसाचा मार बसणारी जागा धुऊन निघते. अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चमचाभर काळी शाई हे माझे मिश्रण. वरून खाली एक हात, वाळू द्या, मग वाटले तर दुसरा. मॅट वार्निश मारलेल्या भिंतीवर अल्कोहोल पांढरे डाग उठवते, म्हणून शाई आधी, वार्निश नंतर.

इथे माझे एक मत आहे, सगळ्यांना ते पटत नाही. जॉर्ज सेलिओस यांची 'फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर' ही प्रसिद्ध मांडणी १९३० च्या मंदीतली आहे, आणि तिच्यामुळे प्रत्येक भिंत पडकी, प्रत्येक पाटी सोललेली करण्याची लाट आली. तिथे ते शोभते, कारण काळच तसा होता. १९५० चे डाउनटाउन पैसा मिळवणारे होते. दुकानदार सकाळी काच पुसायचा, दरवर्षी चौकटी रंगवायचा. मळ वरच्या मजल्यांवर ठेवा, तळमजला स्वच्छ ठेवा.

गच्चीबद्दल कुणीच विचारत नाही, पण फळी कमरेच्या उंचीवर असेल तर बघणाऱ्याला सर्वांत आधी गच्चीच दिसते. किटमध्ये तिथे सपाट चकचकीत प्लास्टिक असते. मास्किंग टेपच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवून लावा, गडद राखाडी रंगवा, मधेच एक-दोन पट्ट्या वेगळ्या छटेच्या. डांबरी कागदाची गच्ची झाली. ती मागच्या बाजूला मिलिमीटर-दीड मिलिमीटर उतरती बसवा, पाणी जायला मागे पन्हळ द्या. कठड्याच्या आतल्या बाजूलाही वीट रंगवा. जिन्याची खोली, धुराडी, एक काचेचा उजेडमार्ग. पाण्याची लाकडी टाकी प्रत्येक इमारतीवर नको. तीन मजल्यांना नळाचा दाब पुरतो, टाकी उंच इमारतीला लागते.

दिवे लावणार असाल तर १२ व्होल्टवर एका पिवळसर पांढऱ्या एलईडीला एक किलोओमचा रेझिस्टर पुरे. आत काळ्या कागदाचे पडदे घालून खोल्या वेगळ्या करा आणि तीनपैकी एखादीच खिडकी उजळू द्या. वरच्या मजल्यांच्या तावदानांमागे मास्किंग टेपचे पडदे लावा, कुठे पूर्ण ओढलेले, कुठे अर्धे. सगळे एका उंचीला ठेवलेत तर तुरुंग वाटतो.

शेवटी जोते. इमारत फुटपाथवर ठेवू नका, फुटपाथमध्ये बसवा. दीड मिलिमीटर जाडीच्या शीटचा फुटपाथ इमारतीच्या आकाराचे भोक ठेवून कापा, त्यावर पाच फुटांचे, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचे चौकोन ओरखडा. इमारत त्या भोकात उतरली की खालची उजेडाची रेघ नाहीशी होते आणि दाराचा उंबरठा फुटपाथशी आपोआप जुळतो. दार जास्तच खाली जात असेल तर इमारतीखाली शीटचा तुकडा सरकवा. आणि तिथे तिला चिकटवू नका. एखादा एलईडी जाईल, रूळ साफ करायला हात पलीकडे घालावा लागेल, किंवा दोन वर्षांनी त्या मोकळ्या प्लॉटची जागा बदलावीशी वाटेल. माझ्या रस्त्यावरचे औषधांचे दुकान आजवर तीनदा जागा बदलून बसले आहे.